नळावरची मोटार, फोडलेला एअर व्हॉल्व्ह आणि न वापरलेली कलमे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा तोंडावर आला की नगरपालिका आणि ग्रामपंचायतींची ठरलेली नोटीस निघते : नळाला थेट मोटार लावल्यास कारवाई केली जाईल. चार मोटारी जप्त होतात, दंडाच्या पावत्या फाटतात आणि आठवड्याभरात मोटार पुन्हा त्याच नळावर बसते. सार्वजनिक पाणीपुरवठ्यात छेडछाड करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद देणारी कलमे आजही कायद्यात आहेत. ती वापरली जात नाहीत, कारण तक्रार बहुतेक वेळा चुकीच्या कलमाखाली लिहिली जाते आणि जागेवरचा पुरावा संध्याकाळपर्यंत बुजवला जातो. याबद्दल सविस्तर लिहिणे आम्हाला गरजेचे वाटले.

आधी मोटारीने नेमके काय होते ते पाहू. पाणीपुरवठ्याच्या केंद्रीय नियमपुस्तिकेच्या १९९९च्या आवृत्तीप्रमाणे एकमजली घरांच्या वस्तीत शेवटच्या नळाला ७ मीटर (म्हणजे पाण्याच्या तेवढ्या उंच स्तंभाइतका) आणि दुमजली वस्तीत १२ मीटर दाब मिळायला हवा. आपल्याकडे दिवसाआड तासभर पाणी येणाऱ्या गल्लीच्या टोकाला दोन-तीन मीटर मिळाला तरी लोक समाधान मानतात. अशा वाहिनीवर अर्ध्या एचपीची घरगुती मोटार बसली की ती मिनिटाला साधारण ३० लिटर पाणी ओढते. तीन इंची, म्हणजे ८० मिमी शाखावाहिनीतून सेकंदाला एक मीटर वेगाने पाणी वाहिले तर मिनिटाला सुमारे ३०० लिटर पाणी येते. म्हणजे गल्लीत दहा मोटारी सुरू झाल्या की ती वाहिनी तिथेच संपली. पुढच्या घरांच्या नळातून फक्त हवेचा आवाज येतो.

पाणी कमी पडणे हा त्यातला लहान भाग झाला. वाहिनीत येते त्यापेक्षा जास्त पाणी मोटार मागू लागली की वाहिनीतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षाही खाली जातो. मग वाहिनीच्या प्रत्येक सैल सांध्यातून आणि प्रत्येक भोकातून बाहेरचे आत खेचले जाते. आपल्या गावांतून पाण्याची वाहिनी आणि गटार एकाच खांदणीत शेजारी शेजारी, काही ठिकाणी तर गटाराच्या आतून गेलेली असते. जोडणीचे अर्धा इंची पाइप गटार ओलांडतात, गंजतात, आणि पाणी नसताना सांडपाण्यात बुडून असतात. तासभर पाणी आणि उरलेला वेळ रिकामी वाहिनी, अशा पुरवठ्यात ही घाण एरवीही शिरतच असते. मोटार तिला जोराने आत घेते. मोटारवाल्याच्या टाकीत ती जातेच, पण मोटार बंद पडली की वाहिनीत उरलेली घाण शेजाऱ्याच्या हंड्यात जाते.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर अवघड नाही. पाणी सुटलेल्या वेळी टोकाच्या एखाद्या नळाला पारदर्शक नळी घट्ट बसवा आणि तिचे दुसरे टोक बादलीत बुडवा. बादलीत क्लोरीन टाकलेले स्वच्छ पाणीच घ्या, कारण ते वाहिनीत जाण्याची शक्यता आहे. वरच्या घरातल्या मोटारी सुरू झाल्या आणि बादलीतले पाणी नळीतून नळाकडे चढू लागले, तर वाहिनी उलटी ओढते आहे हे सिद्ध झाले. कोणी कीटकनाशक फवारणीचे पिंप भरायला नळी औषधाच्या द्रावणात बुडवून ठेवली असेल, तर हीच वाहिनी ते द्रावणही ओढून घेईल. गोठ्यातल्या हौदाचेही तसेच. म्हणून नळीचे तोंड पाण्याच्या वर, निदान वीतभर उंच असले पाहिजे, हा नियम प्रत्येक जोडणीदाराला सांगायला हवा. स्वतःच्या जमिनीखालच्या टाकीत नळाचे पाणी आपसूक पडू देऊन तिथून गच्चीवर चढवायला मोटार लावणे हा गुन्हा नाही. गुन्हा आहे तो जोडणीला थेट मोटार लावण्याचा. हा फरक नोटिशीत चित्रासह दाखवला, तर निम्मे वाद तिथेच मिटतील.

दुसरा प्रकार गावाबाहेर, मुख्य वाहिनीवर होतो. धरणापासून शहरापर्यंत येणाऱ्या वाहिनीच्या उंच जागी एअर व्हॉल्व्ह असतात. वाहिनी भरताना आतली हवा बाहेर सोडणे, वाहते असताना साठणारी थोडी थोडी हवा काढणे आणि वाहिनी रिकामी होताना बाहेरची हवा आत घेणे, ही त्यांची तीन कामे. उन्हाळ्यात पिकाला, जनावरांना किंवा टँकरला पाणी हवे म्हणून हे व्हॉल्व्ह फोडले जातात, आतला तरंगता गोळा काढून टाकला जातो किंवा दगड अडकवला जातो. रस्त्याकडेला दुष्काळात सुंदर कारंजे उडालेले दिसते ते हेच. त्यात वाया जाणारे पाणी सगळ्यांना दिसते, पण नंतरचे दिसत नाही. पंप बंद पडला की वाहिनी रिकामी होऊ लागते आणि व्हॉल्व्हभोवतीच्या खड्ड्यात साचलेले चिखलपाणी, ज्यात जनावरे उभी राहिलेली असतात, थेट पिण्याच्या वाहिनीत जाते. व्हॉल्व्ह दगड मारून जाम केला असेल तर उलटे होते : हवा आत येत नाही, आत पोकळी तयार होते आणि पातळ पत्र्याची पोलादी वाहिनी चेपते. पुन्हा भरताना हवा कोंडते, पाणी अडते आणि दाबाचे झटके बसून सांधे सुटतात. एका फुटलेल्या गोळ्याची किंमत शहराला दोन-दोन दिवसांच्या निर्जळीने मोजावी लागते.

व्हॉल्व्हशी परस्पर खेळणाऱ्यांचेही तसेच. आपल्या वॉर्डाला जास्त पाणी यावे म्हणून रात्री चावी लावून दुसऱ्या भागाचा व्हॉल्व्ह बंद करणारे लोक प्रत्येक शहरात आहेत, आणि त्यांच्या पाठीशी कोण असते तेही शहराला माहीत असते. व्हॉल्व्हमन आटे मोजून सावकाश बंद करतो त्याला कारण आहे. लोखंडी वाहिनीत सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारे पाणी एकदम थांबवले तर दाब सुमारे १०० मीटरने, म्हणजे चौरस सेंटीमीटरला १० किलोने उसळतो. पीव्हीसी वाहिनीत ही उसळी साधारण ४० मीटरची असते, पण आपल्या गल्ल्यांतली पीव्हीसी अनेकदा ६ किलोच्या वर्गाची, जुनी आणि उन्हात वाळलेली असते. तिला मूळ दाबावर एवढी उसळी सोसत नाही.

तिसरा प्रकार चोरून घेतलेल्या जोडणीचा. रीतसर जोडणीत वाहिनीवर सॅडल (आवळून बसणारा पट्टा) बसवून त्यात फेरूल (जोडणीची तोटी) घालतात. चोरून घेणारा रात्री हाताच्या ड्रिलने किंवा तापवलेल्या सळईने भोक पाडतो, त्यात पाइप खुपसतो आणि वरून सायकलची ट्यूब गुंडाळतो. दाब असताना हा सांधा गळतो, दाब नसताना शोषतो. जमिनीखाली असल्यामुळे वर्षानुवर्षे कळत नाही.

आता कायदा. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. पाणी पळवले म्हणून तक्रार लिहायला बसलेला कर्मचारी हमखास चोरीचे कलम, म्हणजे कलम ३०३ लिहितो. ते वरवर बरोबर दिसते आणि तिथेच प्रकरण मरते. या कलमात एक परंतुक आहे : चोरलेल्या मालाची किंमत ५ हजार रुपयांपेक्षा कमी असेल आणि आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल, तर किंमत परत केल्यावर शिक्षा फक्त समाजसेवेची. अशी चोरी अदखलपात्रही आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. हजार लिटरला १० रुपये दर धरला तर ५ हजार रुपयांचे पाणी म्हणजे ५ लाख लिटर. एवढे पाणी एका घराने नेले हे कोण सिद्ध करणार?

ज्या कलमाखाली हा गुन्हा यायला हवा ते आहे कलम ३२६, खंड (क); जुन्या दंड संहितेतले कलम ४३०. माणसांच्या किंवा जनावरांच्या पिण्याचे, स्वच्छतेचे, शेतीचे किंवा कारखान्याचे पाणी कमी होईल अशी आगळीक (मालमत्तेची हानी होईल असे जाणूनबुजून केलेले कृत्य) करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. यात पाण्याची किंमत मोजावी लागत नाही आणि गुन्हा दखलपात्र आहे. वाहिनीला भोक पाडले, व्हॉल्व्ह फोडला किंवा पंपगृहाचे नुकसान केले असेल तर त्याच्या जोडीला सार्वजनिक मालमत्ता हानी प्रतिबंध कायदा, १९८४ याचे कलम ३(२) लावावे. पाणी, वीज यांच्या निर्मिती व पुरवठ्याशी संबंधित मालमत्तेची हानी केल्यास किमान सहा महिने आणि कमाल पाच वर्षे सक्तमजुरी, शिवाय दंड. सहा महिन्यांपेक्षा कमी शिक्षा द्यायची तर न्यायालयाला कारणे लिहावी लागतात, आणि जामिनाच्या वेळी सरकार पक्षाला विरोधाची संधी द्यावी लागते. स्थानिक स्वराज्य संस्थांची मालमत्ता या कायद्यात स्पष्टपणे येते. नगरपालिकेच्या वाहिनीसाठी हा कायदा किती ठिकाणी वापरला जातो, ते प्रत्येक मुख्याधिकाऱ्याने आपल्या फाइली उघडून पाहावे.

पाणी दूषित करण्याचे कलम २७९ मात्र तोकडे आहे. जुन्या कलम २७७ची तीन महिने आणि ५०० रुपयांची शिक्षा वाढवून ती सहा महिने आणि ५ हजार रुपये केली, पण भाषा १८६०चीच राहिली : 'सार्वजनिक झरा किंवा जलाशय'. नळाच्या वाहिनीचा त्यात उल्लेख नाही. बचावाचा वकील पहिल्या दिवशी हाच मुद्दा काढणार. म्हणून मोटारीच्या किंवा भोकाच्या प्रकरणात एकट्या २७९वर विसंबू नये. रोग पसरण्याची शक्यता असेल तर कलम २७१ (निष्काळजी कृत्य, सहा महिन्यांपर्यंत) आणि जाणूनबुजून केले असेल तर २७२ (दोन वर्षांपर्यंत) ही जोडता येतात.

आगळीक सिद्ध करायला दोन गोष्टी लागतात : मालमत्तेच्या उपयुक्ततेत घट झाली हे, आणि तशी घट होईल याची आरोपीला जाणीव होती हे. इथे साध्या कागदांचे महत्त्व आहे. 'मोटार लावू नये' एवढीच नोटीस पुरेशी नाही. थेट मोटार लावल्याने टोकाच्या घरांचे पाणी बंद होते आणि गटाराचे पाणी वाहिनीत ओढले जाते, हे नोटिशीत लिहून तिची पोच घेतली पाहिजे. पुढच्या खेपेला हीच पोच जाणिवेचा पुरावा ठरते. उपयुक्ततेतली घट दाखवायची दाबमापकाने. साधा दाबमापक इथे चालत नाही, कारण त्याचा काटा शून्याच्या खिळ्यावर अडकून राहतो आणि शून्याखालचे काही दाखवत नाही. शून्याच्या वरचा आणि खालचा दोन्ही दाब दाखवणारा कंपाउंड गेज घ्यावा. टोकाच्या नळावर तो बसवून मोटार सुरू, मोटार बंद आणि पुन्हा सुरू, अशी तीन वाचने वेळेसह लिहावीत आणि काट्याचे चित्रीकरण करावे. त्याच तीन वेळी उर्वरित क्लोरीनही मोजावे. भारतीय मानक १०५०० प्रमाणे नळाला निदान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन असावे. मोटार बंद असताना ०.२ आणि सुरू असताना निरंक आले, तर घाण शिरल्याचा तो जागेवरचा सबळ इशारा आहे. शक्यतो ओटी (ऑर्थोटोलिडीन) द्रावणाऐवजी डीपीडी या क्लोरीन तपासणीच्या गोळीने तपासावे; पाण्यात लोह किंवा मँगनीज असेल तर ओटीचा पिवळा रंग फसवतो.

जिवाणू तपासणीचा नमुना निर्जंतुक बाटलीतच घ्यावा, आणि बाटलीत सोडियम थायोसल्फेट असले पाहिजे. ते नसेल तर पाण्यातला क्लोरीन प्रवासातच जिवाणू मारत राहतो, अहवाल 'योग्य' येतो आणि आरोपी सुटतो. बाटली बर्फाच्या पेटीत ठेवून शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवावी. पंचांच्या सह्या, मोहोर, वेळ आणि नळाची जागा बाटलीवरच लिहावी. याला इतके जपायचे कारण असे की काविळीचा हेपॅटायटिस ई विषाणू शरीरात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. रुग्ण दवाखान्यात येतात तेव्हा ते पाणी कधीच वाहून गेलेले असते. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत हा आजार आई आणि बाळ दोघांच्या जिवावर उठतो. मोटार जप्त केली त्या दिवशीचा नमुना मोहोरबंद नसेल, तर दोन महिन्यांनी झालेल्या मृत्यूशी तिचा संबंध कोणालाही जोडता येणार नाही.

भोकाच्या प्रकरणात सगळ्यात मोठी चूक प्लंबरच्या घाईने होते. गळती सापडली की तो भोक बुजवतो आणि गावाला पाणी मिळते म्हणून सगळे त्याला शाबासकी देतात. भोक बुजवू नये. दोन्ही बाजूंना वीतभर राखून वाहिनीचा तुकडाच कापून घ्यावा, त्यातल्या चोरट्या पाइपासह मोहोरबंद करावा आणि जागी नवा तुकडा जोडावा. पंचनाम्यात वाहिनीचा प्रकार, व्यास, खोली आणि भोकाचा आकार लिहावा; विजेचा खांब आणि एखादे घर अशा दोन कायम खुणांपासूनचे अंतर मोजून लिहावे. मोटार असेल तर तिच्या पट्टीवरचा क्रमांक आणि एचपी. जप्तीचे चित्रीकरण आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे करावेच लागते, आणि मोबाइलवरचे चित्रीकरण न्यायालयात टिकायला साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चे प्रमाणपत्र लागते. ते विसरले तर उत्तम चित्रीकरणही निरुपयोगी. फिर्याद मुख्याधिकारी किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याने अधिकृत केलेल्या अभियंत्याने द्यावी. सोबत वाहिनीचा नकाशा, व्हॉल्व्ह उघडल्या-बंद केल्याची नोंदवही आणि दुरुस्तीचा खर्च जोडावा. ठाण्यात नोंद घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे आणि तरीही हालचाल झाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे.

प्रत्येक मोटारवाल्याला तुरुंगात पाठवा असे आम्ही म्हणत नाही. टोकाच्या घरातल्या माणसाने वरच्या दहा मोटारींपुढे नाइलाजाने अकरावी लावलेली असते. घरगुती जोडणीला पहिल्या वेळी मोटार जप्त करून पोचेसह नोटीस, दुसऱ्या वेळी जोडणी बंद आणि कलम ३२६, हा क्रम योग्य आहे. टँकर भरणारे, गाड्या धुणारे, हॉटेलवाले आणि मुख्य वाहिनीचे व्हॉल्व्ह फोडणारे यांना पहिल्या वेळेची सवलत देण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. पाणी सुटण्याच्या वेळी गावाची वीज बंद ठेवण्याचा उपाय काही ठिकाणी करतात. त्याने मोटारी थांबतात, पण इन्व्हर्टर किंवा जनरेटर असणाऱ्याला सगळे पाणी मोकळे मिळते.

निष्काळजीपणाने होणाऱ्या हानीबाबत कायदा खरोखरच कमी पडतो. ठाण्यात बोअर मारताना मुंबईचा जलबोगदा फुटला आणि त्याच्या दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३पासून महिनाभर मुंबईत १५ टक्के पाणीकपात करावी लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर अंधेरीत मेट्रोच्या कामात १८०० मिमीची वाहिनी फुटली. अशा प्रकरणांत हेतू किंवा जाणीव दाखवता येत नाही, म्हणून आगळीक ठरत नाही आणि गोष्ट वसुलीवर थांबते. बोअर किंवा पायाखोदाईपूर्वी जलवाहिन्यांच्या नकाशावर पाणीपुरवठा विभागाची सही घेणे बंधनकारक करावे आणि सही न घेता खोदणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरवावा. मग हेतू सिद्ध करायची गरजच उरत नाही.

विष कालवण्याचे प्रकार विरळ असले तरी घडतात. २०२५ साली बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्ती तालुक्यात शाळेच्या पाण्याच्या टाकीत विषारी औषध मिसळले गेले आणि मुले आजारी पडली. इथे कलम १२३ (विष देऊन इजा, दहा वर्षांपर्यंत) आणि खुनाच्या प्रयत्नाचे कलम १०९ आहेच. टाकीच्या झाकणाला कुलूप, हवेच्या पाइपाला जाळी, शिडीच्या खालच्या भागाला बंद दार, एवढे तरी प्रत्येक शाळेत आणि ग्रामपंचायतीत हवे. पाण्याला दुधाळ रंग किंवा रॉकेलसारखा वास आला, अथवा काल असलेला क्लोरीन आज अचानक निरंक झाला, तर पुरवठा लगेच बंद करावा. असे पाणी उकळून किंवा टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून पिण्याजोगे होत नाही. टाकी रिकामी करण्याआधी नमुना काढून मोहोरबंद करावा, नाहीतर पुरावा गटारात जातो.

अमेरिकेत पाणीपुरवठ्यातील छेडछाडीला स्वतंत्र कलम आहे आणि २००२मध्ये तिथली कमाल शिक्षा ५ वर्षांवरून २० वर्षांवर नेली गेली. पण तिथे लोकांना इजा करण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो, त्यामुळे आपल्या मोटारीच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हे.

राज्य शासनाला आमच्या मागण्या थोड्या आहेत. कलम २७९मध्ये राज्य दुरुस्ती करून 'झरा किंवा जलाशय' यापुढे 'वाहिनी, टाकी, व्हॉल्व्ह व जोडणी' हे शब्द घालावेत. नगरविकास आणि ग्रामविकास विभागांनी कलम ३२६(क) आणि १९८४च्या कायद्याखाली द्यायच्या फिर्यादीचा एकच नमुना मराठीत प्रसृत करावा. प्रत्येक नगरपालिका आणि पंचायत समितीला दोन कंपाउंड गेज, डीपीडी संच आणि थायोसल्फेट घातलेल्या निर्जंतुक बाटल्या पुरवाव्यात. जप्त केलेल्या मोटारी दंड भरून लगेच परत देण्याची पद्धत बंद करून त्या खटला संपेपर्यंत मुद्देमाल म्हणून ठेवाव्यात. यातली पहिली मागणी विधिमंडळाकडून येईल तेव्हा येवो. उरलेल्या तिन्हींना एका परिपत्रकापलीकडे काही लागत नाही, आणि ते पाणीटंचाईच्या आराखड्यासोबत निघाले तर याच उन्हाळ्यात उपयोगी पडेल.

आपले,
पाणीपुरवठ्याच्या कामातील काही निवृत्त अभियंते व वकील